साकवाच्या खर्चाचे कागद कसे मागवावेत

मार्चअखेरीस बांधलेल्या साकवाची, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाची, एक बाजू जुलैच्या पुरात खचली, की वाडीत त्यावर गणपतीपर्यंत बोलणं चालतं. पैसे किती आले, कुठे गेले, हे मात्र कागदावरूनच कळतं, आणि तो कागद मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 सालचा असला, तरी त्याचं मूळ संविधानाच्या अनुच्छेद 19 मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात आहे.

आधी काम कोणी केलं ते पाहा. ग्रामपंचायतीने केलं असेल तर अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक), जिल्हा परिषदेने केलं असेल तर तिच्या बांधकाम विभागाकडे. चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम 6(3) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ‘हे आमच्याकडे नाही’ असं तोंडी ऐकून अर्ज परत घेऊ नका.

अर्ज ‘जोडपत्र अ’ च्या नमुन्यात लिहा आणि त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही.

बहुतेक अर्ज फसतात ते प्रश्नामुळे. ‘साकव का खचला? जबाबदार कोण?’ असं विचारलं, तर ‘अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि कायद्याने ते बरोबरही असतं. या कायद्याखाली जे कागदावर आहे तेच मिळतं. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा:

‘अमुक वाडीतील साकवाच्या कामाचे अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली देयके व काम पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.’ सोबत कामाचं वर्ष टाका.

यात सगळ्यात मोलाची मोजमाप पुस्तिका. तिच्यात प्रत्येक भागाची लांबी, रुंदी, उंची लिहिलेली असते आणि बिल त्यावरूनच निघतं. पानं हातात आली की टेप घेऊन साकवावर जा आणि मापं पडताळा. कागदावर भिंतीची उंची तीन मीटर आणि जागेवर दोनच भरली, तर पुढे कुणाला फार समजवावं लागत नाही. पायाचं माप मात्र जमिनीखाली असतं, ते टेपने तपासता येत नाही.

अर्ज हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच नसेल तर दिवस कुठून मोजणार? उत्तराची मुदत 30 दिवसांची. मधे प्रतींचा खर्च भरायचं पत्र येतं, साधारण पानाला 2 रुपये. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून ते लगेच भरा. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांत ‘जोडपत्र ब’ मध्ये पहिलं अपील करा, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प. तिथेही काम झालं नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला आयोग दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड करू शकतो.

मुंबईत राहणारा चाकरमानीही हा अर्ज टपालाने करू शकतो, कारण इथे नागरिकत्व पुरे. ग्रामसभेचं तसं नाही. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तोच तिचा सदस्य. म्हणून कागद कोणीही मिळवला तरी ग्रामसभेत विषय गावातल्या मतदारानेच मांडायचा. तो लेखी, नोटीस निघण्याआधी द्या आणि ठराव झाला की इतिवृत्तात काय लिहिलं ते तिथेच वाचून घ्या.