न्यूट्रॉनचा डेटा उतरवताना रिकामा डबा विसरू नका

यवतमाळकडच्या आमच्या गावात दुपारची लाइन गेली की डाउनलोड अर्ध्यावर तुटतं. मी उतरवतो तो डेटा, नमुन्यावर न्यूट्रॉन सोडून ते कसे विखुरतात हे मोजणाऱ्या प्रयोगांचा. सर्व्हर साथ देत असेल तर ‘डब्ल्यूगेट’ (wget) या डाउनलोडच्या प्रोग्रामला ‘-सी’ (-c) पर्याय द्या, तुटलं तिथून पुढे सुरू होतं. हा डेटा ज्यात मिळतो ती नेक्सस फाइल बहुधा आतून एचडीएफ५ (मोठा डेटा साठवायचा फाइल-प्रकार) असते. अख्खी मेमरीत न घेता पायथनने हवा तेवढाच भाग वाचा, जुन्या लॅपटॉपवरही जमतं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. नमुन्यासोबत, नमुना ज्यात ठेवतात त्या रिकाम्या डब्याच्या आणि व्हॅनेडियम या धातूच्या मोजणीची फाइलही उतरवाच. व्हॅनेडियम न्यूट्रॉन जवळजवळ सगळीकडे सारखे विखुरतं, म्हणून त्यावरून डिटेक्टरांची संवेदनशीलता जुळवता येते. डब्याचा सिग्नल वजा न केल्यामुळे मी डब्याच्या ॲल्युमिनियमची आलेखातली शिखरं दोन दिवस नमुन्याचीच समजत होतो. हे सगळं करायला ‘मॅन्टिड’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं.