दोन इंजिनांचं आरसी (रेडिओ कंट्रोल) विमान: पहिल्या उड्डाणाआधीची तयारी

दोन इंजिनांचं विमान हवेत देखणं दिसतं, आणि दोन्ही प्रॉप (पुढचे पंखे) एका सुरात लागले की तो आवाज ऐकतच राहावासा वाटतो. पण सामान मांडून बसण्याआधी एक हिशोब मनाशी पक्का करावा. समजा, एका इंजिनाच्या मॉडेलमध्ये शंभर उड्डाणांत एकदा इंजिन बंद पडतं. दोन इंजिनं लावली तर तेवढ्याच उड्डाणांत एखादं बंद पडण्याची वेळ जवळजवळ दोनदा येणार, आणि दर वेळी दुसरं चालूच असणार. एकाच इंजिनाचं विमान अशा वेळी ग्लायडरसारखं तरंगत खाली आणता येतं. दोन इंजिनांचं तसं नसतं. जोडीतला एक बैल थांबला की गाडी त्याच्याच अंगाला वळते, तसं हे विमान बंद पडलेल्या बाजूला फिरतं, आणि वेग कमी असेल तर त्याच बाजूला कलंडून पडतं. म्हणून सगळी तयारी दोन गोष्टींसाठी करायची: दोन्ही बाजू शक्य तितक्या एकसारख्या असाव्यात, आणि एक बाजू गेली तर बोटांनी काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं.

एलेरॉनवालं (पंखांच्या मागच्या कडेला विमान कलवणाऱ्या झडपा असलेलं) एका इंजिनाचं विमान सरावाने, वाऱ्यातही उतरवता येत असेल तरच इकडे वळावं. पहिलं मॉडेल रुंद पंखाचं, हलकं, इलेक्ट्रिक घ्यावं. लढाऊ विमानांच्या प्रतिकृती सुंदर असतात, पण त्यांचे निमुळते पंख कमी वेगात दगा देतात. त्या पुढे कधीतरी घ्याव्यात.

खरेदी करतानाच मोटारी, स्पीड कंट्रोलर आणि प्रॉप जोडीने, एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे घ्यावेत. घरात पडून असलेली एक मोटार आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी, असं जुळवू नये. बॅटरीचं गणित दोन्ही मोटारी धरून करावं. प्रत्येक मोटार पूर्ण थ्रॉटलला (म्हणजे पूर्ण ताकदीला) ३० अँपिअर खात असेल तर बॅटरीवर ६० चा भार येतो. ३००० एमएएचची (म्हणजे ३ अँपिअर-तासांची), खरोखर ३० सी (क्षमतेच्या तीसपट प्रवाह) देणारी बॅटरी ९० अँपिअरपर्यंत जाते, म्हणजे हातात थोडी शिल्लक राहते. एवढी शिल्लक हवीच, कारण लेबलवरचा सी-आकडा बऱ्याचदा फुगवलेला असतो. दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या असतील तर त्या एकाच क्षमतेच्या, साधारण एकाच वयाच्या असाव्यात आणि जोडताना दोन्हींचा व्होल्टेज सारखा असावा.

स्पीड कंट्रोलर नॅसेलमध्ये (पंखावरच्या मोटारीच्या खोळीत) बसवायचे की मधल्या भागात, हा प्रश्न लगेच येतो. तारा लांबवाव्याच लागल्या तर कंट्रोलर आणि मोटार यांच्यामधल्या तीन तारा लांबवाव्यात. बॅटरीकडच्या तारा लांब झाल्या की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि कंट्रोलर जळू शकतो. नॅसेलमध्ये हवा आत यायला आणि बाहेर जायला वाट ठेवावी. बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा मोठी असावी.

सोल्डरचे जोड सवडीने, चांगल्या उजेडात तपासावेत. नीट बसलेला जोड चकचकीत आणि पसरलेला दिसतो. राखाडी, दाणेदार, वर गोळा होऊन बसलेला दिसला तर तो थंड राहिलेला जोड आहे. तो पुन्हा तापवून करावा. प्रत्येक बुलेट कनेक्टर धरून जरा जोरात ओढून बघावा. एका मोटारीच्या तीनपैकी एक तार उड्डाणात निसटली की ती बाजू गेलीच, आणि अशा विमानांच्या बऱ्याच अपघातांचं मूळ इतक्या छोट्या ठिकाणी असतं.

दोन्ही कंट्रोलरमध्ये बीईसी (मुख्य बॅटरीतून रिसीव्हरसाठी वीज काढणारं सर्किट) असेल तर रिसीव्हरला दोन ठिकाणाहून वीज मिळते. स्विचिंग प्रकारचे दोन बीईसी एकमेकांना झगडायला लावू नयेत. एका कंट्रोलरच्या प्लगमधली लाल तार पिनसकट बाहेर काढावी आणि टेप गुंडाळून बाजूला ठेवावी. वेगळा बीईसी लावला तर दोन्ही लाल तारा काढाव्यात.

यानंतर प्रॉप काढून ठेवावेत आणि पुढची सेटिंगची सगळी कामं प्रॉपशिवायच करावीत. थ्रॉटलची रेंज दोन्ही कंट्रोलरना एकाच वेळी शिकवावी: वाय केबल (एकच सिग्नल दोन्हींकडे नेणारी) लावावी, ट्रान्समीटरची काडी वर ठेवून बॅटरी जोडावी, बीप ऐकून काडी खाली आणावी. ब्रेक आणि टायमिंग ही कंट्रोलरमधली सेटिंग दोन्हीकडे सारखी ठेवावी. कमी व्होल्टेजला मोटार बंद करण्याच्या पर्यायात एकदम तोडणारा नको, हळूहळू ताकद कमी करणारा निवडावा. एकदम तोडणारा असेल तर एक कंट्रोलर दुसऱ्याच्या आधी मोटार बंद करतो, आणि आपणच ठेवलेल्या सेटिंगमुळे विमान हवेत एका मोटारीवर येतं. मग काडी अगदी सावकाश वर न्यावी आणि दोन्ही शाफ्टकडे बघत राहावं. एक फिरायला लागते आणि दुसरी नुसती थरथरून तशीच राहते, असं दिसलं तर कॅलिब्रेशन (हे रेंज शिकवणं) पुन्हा करावं. उतरताना आपण नेमके याच कमी थ्रॉटलवर असतो.

दोन्ही प्रॉप एकाच दिशेने फिरवायचे की उलट, यावर खूप चर्चा होते. दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या विमानांत दोन्ही पद्धती होत्या: मॉस्किटोची दोन्ही इंजिनं एकाच दिशेने फिरत, तर पी-३८ लाइटनिंगची एकमेकांच्या उलट. मॉडेलमध्ये उलट फिरवले तर टॉर्कचा (प्रॉपच्या फिरण्यामुळे येणारा) ओढा बराचसा कटतो आणि टेकऑफ सरळ होतो. नवख्या हाताला ते सोयीचं पडतं. त्यासाठी एका मोटारीच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की पुरतं, आणि प्रॉप मात्र उलट्या पिळाचा लागतो. त्याच्यावर आकड्यांबरोबर बहुधा आर किंवा पी असं अक्षर असतं. दोन्ही प्रॉपवरची अक्षरं विमानाच्या पुढच्या दिशेला आली पाहिजेत. आणखी एक गोष्ट सहज निसटते. नेहमीच्या दिशेने फिरणाऱ्या प्रॉपमुळे त्याची नट घट्ट होत जाते, तर उलट फिरणाऱ्यामुळे ती सैल व्हायला बघते. त्या बाजूला लॉकनट लावावी आणि प्रत्येक उड्डाणाआधी पान्याने तपासावी. दोन्ही प्रॉप बॅलन्सरवर तोलून घ्यावेत.

प्रॉप लावल्यावर विमान घट्ट बांधून एकेका मोटारीवर वॉटमीटर लावावा. दोन्हींच्या अँपिअरमध्ये लक्षात येण्यासारखा फरक दिसला तर तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाकडा शाफ्ट, कोरडं बेअरिंग, चुकीचा प्रॉप, काहीतरी सापडतंच. इथे सगळ्यात जास्त सांभाळायचा आपला हात. एका नॅसेलकडे वाकून बघताना दुसरा प्रॉप कोपराजवळ फिरत असतो. चालू विमानावरून हात ओलांडायचा नाही, पुढून कुणी जायचं नाही, आणि काही बदलायचं असेल तर आधी बॅटरी सोडवायची.

ग्लो इंजिनं (तापत्या प्लगची, इंधनावर चालणारी) वापरणाऱ्यांनी दोन्ही इंजिनं विमानात बसवण्याआधी स्टँडवर पुरती ब्रेक-इन करावीत, म्हणजे चालवून रुळवावीत. टाक्या वेगळ्या, प्लग नवे आणि एकाच प्रकारचे. प्रत्येक इंजिन एकटं चालवून पूर्ण थ्रॉटलला कमाल आरपीएमपर्यंत न्यावं, मग सुई (इंधन कमीजास्त करणारा स्क्रू) उघडून २०० ते ३०० आरपीएमने खाली आणावं, म्हणजे मिश्रण थोडं श्रीमंत, जास्त इंधनाचं राहतं. नाक वर धरून अर्धा मिनिट पूर्ण थ्रॉटल द्यावं. इंजिन दमलं तर सुई आणखी उघडावी. दोन्ही एकत्र चालवली की आरपीएममधला फरक कानाला घों-घों अशा लाटांनी कळतो. जुळत आली की लाटा लांबतात आणि विरून जातात. पण शे-दीडशे आरपीएमचा फरक हवेत जाणवत नाही. सूर जुळवण्याच्या नादात सुई जास्त बंद करणं हा खरा धोका आहे. बंद न पडणारी इंजिनं हवीत, मग ती थोडी बेसूर असली तरी चालेल.

सीजी (गुरुत्वमध्य) सूचनापुस्तिकेप्रमाणे ठेवावा. पहिल्या उड्डाणाला दिलेल्या मर्यादेच्या पुढच्या टोकाजवळ ठेवला तर बरं. आडवा तोलही बघावा: नाक आणि शेपूट यांच्या मधोमध धरून विमान उचलावं आणि जो पंख वर जातो त्याच्या टोकाला वजन चिकटवावं.

मैदानावर गेल्यावर आधी वारा बघावा. काडी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे, हे दर वेळी, मोठ्याने म्हणत तपासावं. ट्रान्समीटर कमी ताकदीच्या मोडवर टाकून त्याच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावरून रेंज बघावी, एकदा मोटारी बंद असताना आणि एकदा चालू असताना. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर आपोआप लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) थ्रॉटल शून्यावर येतो ना, ते घरीच, प्रॉपशिवाय, ट्रान्समीटर बंद करून पाहिलेलं असावं. रडरबरोबर (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूबरोबर) दोन्ही मोटारींचा वेग कमीजास्त करणारं मिक्सिंग जमिनीवर वळायला छान असतं, पण पहिल्या उड्डाणाला ते बंद ठेवावं. टायमर चार मिनिटांवर लावावा.

मग इंजिन बंद पडल्याची तालीम विमान जमिनीवर असतानाच करावी. नाक एका बाजूला गेलं आणि तो पंख खाली आला की हात आपोआप एलेरॉनकडे जातो. तीच चूक ठरते, कारण खाली आलेल्या पंखाचा एलेरॉन खाली वाकला की तो पंख आणखी अडतो आणि स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल जाते. क्रम असा: थ्रॉटल मागे, नाक खाली, मग रडर. वेग आला आणि विमान सरळ झालं की उंची असेल तर थोडा थ्रॉटल रडर सांभाळत देता येतो. उंची नसेल तर समोर जी मोकळी जागा असेल तिथे उतरवावं. धावपट्टीवर परत आणण्यासाठी कमी वेगात, चालू इंजिनाच्या जोरावर वळण घेऊ नये. विमान वाचलं नाही तरी चालेल, पण माणसांच्या डोक्यावर जाता कामा नये.

टेकऑफला काडी तीन-चार सेकंद घेत पुढे न्यावी. विमान उचलायला तयार वाटलं तरी आणखी थोडं पळू द्यावं, वर चढतानाही नाक फार उचलू नये. पन्नास-साठ मीटरवर ट्रिम करावं (काड्या सोडल्या तरी विमान सरळ उडेल असं जुळवावं), मग उंचीवरच दोन्ही मोटारी कमी करून स्टॉल कुठे आणि कसा येतो ते बघून घ्यावं. उतरताना थोडा थ्रॉटल चाकं टेकेपर्यंत ठेवावा.

थांबल्यावर आधी बॅटरी सोडवावी, मग दोन्ही मोटारींना आणि कंट्रोलरना हात लावून बघावा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागली तर त्या दिवशी दुसरं उड्डाण करू नये. घरी आल्यावर बॅटरी दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी.