ढाबळीवर ससाणा येऊ लागला तर

ढाबळीच्या, म्हणजे कबुतरांच्या घराच्या, आत कबुतर क्वचितच मारलं जातं. कबुतरं उंचावर घट्ट थव्याने उडत असतानाही शिक्रा किंवा बाज सहसा हात हलवत परततो. कबुतर सापडतं ते मधल्या वेळात: दारातून बाहेर पडताना, छपरावर पिसं साफ करत बसलेलं असताना, उडून आल्यावर आत शिरायला टंगळमंगळ करताना. हा उघड्यावरचा वेळ कमी करा. प्लास्टिकची घुबडं आणि चकचकीत फिती याच्या खूप नंतर येतात.

आधी पाहुणा कोण ते ओळखा. आखूड गोलसर पंख आणि लांब शेपटी असेल तर तो शिक्रा-बाजाच्या जातीचा. तो झाडात दबा धरतो आणि कुंपणाच्या आडून खालून झडप घालतो. लांब टोकदार पंखांचा बहिरी ससाणा उंचावरून सूर मारतो. त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, त्यामुळे हवेतल्या थव्याला त्याच्यापासून वाचवणारी कोणतीही वस्तू ढाबळीवर बसवता येत नाही. उडवण्याची वेळ बदलणं किंवा काही दिवस न उडवणं एवढंच हातात राहतं. घारीवर मात्र उगाच आळ घेतला जातो. धडधाकट उडतं कबुतर तिला सहसा झेपत नाही.

पिसांचा सडा सापडला तर वाकून नीट बघा. पिसं मुळासकट उपटून एकाच जागी पडली असतील तर शिकारी पक्षी. दांड्या चावून तोडलेल्या असतील तर मांजर किंवा तसाच एखादा प्राणी, आणि मग लक्ष रात्रीच्या कडीकोयंड्याकडे द्यायला हवं.

जाळी आणि दार

कोंबड्यांसाठीची षटकोनी जाळी कबुतरांना आत ठेवते, बाजाला बाहेर ठेवायला ती अपुरी पडते. तो जाळीला लटकतो, पंजा आत घालतो आणि जाळीलगत बसलेल्या कबुतराला धरतो. १३ मिलिमीटर चौकोनाची वेल्डेड जाळी लावा. तिच्यातून मोठे उंदीरही येत नाहीत. आधीची २५ मिलिमीटरची जाळी फेकायची गरज नाही. तिच्या आतून १० सेंटिमीटर अंतर सोडून दुसरा थर ठोका. बसायच्या दांड्या जाळीपासून ३० सेंटिमीटर आत घ्या. उघड्या पिंजऱ्याच्या छताचा निम्मा भाग पत्र्याचा किंवा फळ्यांचा असावा, कारण वर सावली दिसताच कबुतरं लपायला जागा शोधतात. ती मिळाली नाही तर जाळीवर आपटून डोकी फोडून घेतात. छताला सैल नायलॉन जाळं लावू नका. बाज त्यावर बसला की ते झोळीसारखं खाली येतं.

आत येण्याचं दार सर्वात महत्त्वाचं. वरून टांगलेल्या हलक्या सळ्यांचं दार सगळ्यांना माहीत असतं: सळ्या सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर, खालची टोकं उंबऱ्याच्या आतल्या बाजूला टेकलेली, म्हणून फक्त आत ढकलली जाणारी. पण घाबरलेलं कबुतर सळ्यांपाशी अडखळतं, मागच्यांची गर्दी होते, आणि पाठलाग करणारा बाज त्याच सळ्या ढकलून आतही घुसू शकतो. त्यापेक्षा वरून खाली उडी मारायचं दार बरं. त्यात १३ सेंटिमीटर रुंदीच्या खाचा असतात. कबुतर पंख मिटून खाली पडतं, पण पंख उघडून वर येऊ शकत नाही. तीन-चार खाचा शेजारी ठेवल्या की तितकीच कबुतरं एकदम आत जातात. पिल्लांना हे शिकायला आठवडाभर लागतो.

उतरायची फळी ४० ते ४५ सेंटिमीटर खोल ठेवा आणि तिला वरून व दोन्ही बाजूंनी जाळी लावा, फक्त समोर मोकळं. फळीवर मासेमारीचा बारीक दोरा ताणण्याचा सल्ला बरेच जण देतात. आम्ही देत नाही: वेगाने उतरणाऱ्या कबुतराला तो दिसत नाही आणि पंख कापला जातो.

दाण्याची शिस्त

पोट भरलेलं कबुतर छपरावर बसतं. म्हणून उडवायचं ते रिकाम्या पोटी, आणि दिवसाचा मुख्य दाणा उडून आल्यावर, ढाबळीच्या आतच. एका कबुतराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम धरा. दाणा टाकताना दर वेळी तीच शिटी किंवा तोच डबा वाजवा, आणि दहा मिनिटांनी उरलेला उचलून घ्या. पहिलं कबुतर उतरल्यापासून दोन मिनिटांत शेवटचं आत यायला हवं. त्याहून वेळ लागत असेल तर दोन-तीन दिवस दाणा किंचित कमी करा. किंचितच. छातीचं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागू लागलं तर तुम्ही अती केलंत. अशक्त कबुतर सर्वात आधी पकडलं जातं.

अंगणात दाणा सांडू देऊ नका. त्यावर चिमण्या, पारवे जमतात आणि त्यांच्यामागे बाज येतो.

कधी उडवायचं

बाज तुमचं वेळापत्रक पाठ करतो. रोजच्या वेळेत तासाभराचा तरी फरक ठेवा. भल्या पहाटे आणि मावळतीच्या सुमाराला शिकारीचा जोर जास्त, म्हणून ऊन तापलं नसेल तर सकाळी उशिराची वेळ बरी. दार उघडण्याआधी ऐका. कावळे एखाद्या झाडाभोवती कालवा करत असतील किंवा चिमण्या अचानक गप्प झाल्या असतील तर थांबा. आत कबुतरं मान ताठ करून एका डोळ्याने आकाश न्याहाळत असतील आणि बाहेर पडत नसतील, तर काठी हलवून हाकलू नका. त्यांना तुमच्याआधी दिसलेलं असतं.

बाज रोज यायला लागला तर दोन-तीन आठवडे ढाबळ बंद ठेवा. सहज घास मिळेनासा झाला की तो बहुधा दुसरीकडे वळतो. मात्र बंदिवासात कबुतरं सुस्तावतात. पुन्हा सोडताना पहिले काही दिवस हलका दाणा, ज्यात बार्ली जास्त, आणि दहा-पंधरा मिनिटांचं उड्डाण पुरे. पिल्लांना पहिल्यांदा सोडण्याआधी आठ-दहा दिवस फळीवरच्या जाळीत बसून परिसर बघू द्या.

घुबडाचा पुतळा लावलात तर रोज जागा बदला, नाहीतर काही दिवसांत बाज त्याच्या डोक्यावर बसेल. ढाबळीवर झुकणारी फांदी छाटणं जास्त उपयोगाचं. ससाण्याला विष घालणं, फासात धरणं किंवा मारणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि मोकळी झालेली जागा लवकरच दुसरा घेतो.

हल्ल्यानंतर

लगेच मोजणी करा. घाबरलेली कबुतरं दूरच्या छपरांवर बसून राहतात आणि एक-दोन दिवसांनीही परततात, म्हणून आत येण्याचं दार चालू ठेवा. परतलेलं प्रत्येक कबुतर हातात घेऊन पंखाखाली आणि पाठीवर पिसं फुंकून पाहा, कारण नख्यांची भोकं बाहेरून दिसत नाहीत. जखम सलाइनने धुवा, खोल भोक बंद करू नका, आणि पक्ष्याला अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवा. पाणी प्यायल्यावर छातीवरची पिसं ओली होत असतील तर गळ्याची पिशवी फाटली आहे. तिला पशुवैद्याकडून टाके घालावे लागतात. जखम लहान दिसली तरी प्रतिजैविकाबद्दल त्यांना विचारा, कारण नख्यांची घाण आत खोल गेलेली असते.

बाजच ढाबळीत अडकला तर आधी कबुतरं दुसऱ्या कप्प्यात हलवा, मग एकच दार उघडून बाकीची ढाबळ काळोखी करा. तो उजेडाकडे निघून जातो. तरीही नाहीच गेला तर जाड टॉवेल टाकून धरा, आणि चोचीपेक्षा पायांपासून सांभाळा.