पंपाला किती मिली? फवारणीचं माप असं काढा

लेबलवर मात्रा हेक्टरी दिलेली असते आणि आपण औषध घालतो पंपाला. मधला आकडा हवा तो एकरी पाण्याचा, आणि तो प्रत्येकाचा वेगळा निघतो. नोझल, चालण्याची गती, पिकाची वाढ, यातलं काहीही बदललं की पाणी बदलतं. शेजाऱ्याचं प्रमाण म्हणूनच आपल्याला लागू पडत नाही.

हा आकडा साध्या पाण्यावर काढा. ३३ बाय ३३ फूट, म्हणजे १ गुंठा, दोरीने आखून घ्या. पंप सपाट जागी ठेवून एका खुणेपर्यंत भरा आणि रोजच्या चालीने तेवढा तुकडा फवारा. पंप परत त्याच जागी ठेवा आणि मोजपात्राने पुन्हा खुणेपर्यंत पाणी घाला. जेवढं घातलं ते गुणिले ४० म्हणजे एकरी पाणी. यात पाव लिटर चुकलं तरी एकराला १० लिटरचा फरक पडतो, त्यामुळे शक्यतो २ गुंठे फवारा आणि २० ने गुणा.

समजा गुंठ्याला साडेचार लिटर लागलं. एकरी १८० लिटर, म्हणजे १५ लिटरचे १२ पंप. लेबलवर हेक्टरी २५० मिली असेल तर अडीचने भागून एकरी १०० मिली, आणि पंपाला ८.३ मिली. पंप १६ लिटरचा असेल तर ८.९ आणि २० लिटरचा असेल तर ११ मिली. लेबलवर हेक्टरी ५०० लिटर पाणी सांगितलं असेल, तर तुमचं ४५० च होतंय. थोडं सावकाश चाला आणि पुन्हा मोजा. इंजिनवर चालणाऱ्या पॉवर पंपाने एकरी पाणी फार कमी लागतं, म्हणून त्याचा हिशेब स्वतंत्र करावा लागतो.

टोपणाने कधीही मोजू नका. बाटलीगणिक टोपण लहानमोठं असतं. १० मिलीच्या आत मोजायचं असेल तर सुईविना सिरिंज सर्वांत बरी. पावडर मात्र वजन करूनच घ्या: १० ग्रॅम पावडर १० मिलीच्या खुणेपर्यंत येईलच असं नाही.

टक्केवारी सोपी आहे. १ टक्का म्हणजे लिटरला १० मिली किंवा १० ग्रॅम. ५ टक्के निंबोळी अर्काला १०० लिटरमागे ५ किलो निंबोळ्या लागतात. पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मात्र शून्य घात करतं. १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. द्राक्षाला १० पीपीएम जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) द्यायचं तर १०० लिटरला १ ग्रॅम शुद्ध जीए. तोच ग्रॅम १० लिटरमध्ये पडला की १०० पीपीएम झालं.

मिसळताना पंप आधी अर्धा भरा, औषध ओता, मोजपात्र तीनदा विसळून ते पाणीही पंपातच घाला, मग खुणेपर्यंत भरा. घट्ट औषध भांड्याला चिकटून राहतं आणि मात्रा तिथेच कमी पडते. हातमोजे घाला, आणि हे मोजपात्र स्वयंपाकघरात कधीच नेऊ नका.