पेल्व्हिसचे फ्रॅक्चर: शस्त्रक्रियेचे पर्याय कसे समजून घ्यावेत

प्लेट बसवणार की स्क्रू, असा नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा असतो. त्याआधी विचारायला हवे ते हे, की पेल्व्हिसचे, म्हणजे कमरेखालच्या भागाचे, हाडांचे कडे स्थिर आहे का आणि त्याचा मागचा भाग शाबूत आहे का, कारण धडाचा भार पायांकडे याच भागातून उतरतो. एक्स-रेवर मागची इजा अनेकदा नीट दिसत नाही, म्हणून सीटी स्कॅन करून घ्यावा. कडे स्थिर असेल आणि हाडे फारशी सरकली नसतील, तर शस्त्रक्रियेची सहसा गरज पडत नाही.

मोठ्या अपघातात आधी जीव वाचवायचा असतो, कारण आत होणारा रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो. अशा वेळी बांधायचा पट्टा कमरेवर नव्हे, तर मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा बाजूने हाताला लागतो त्या पातळीवर हवा; वर सरकलेला पट्टा कडे नीट आवळत नाही. त्यानंतर गरजेनुसार बाहेरून सळ्यांची चौकट, म्हणजे एक्स्टर्नल फिक्सेटर, लावतात.

कड्याचा पुढचा सांधा सुमारे 2.5 सेंटिमीटरपेक्षा जास्त फाकला असेल, तर सहसा प्लेट बसवतात. मागच्या इजेसाठी नितंबाच्या बाजूला लहानसा छेद घेऊन, सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर वेगवेगळ्या कोनांतून दिशा तपासत, लांब स्क्रू त्रिकास्थीत, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडात, नेला जातो. छेद लहान असला तरी काम नाजूक आहे, कारण पायाकडे जाणाऱ्या नसा अगदी लगत असतात आणि दिशा थोडी चुकली तरी त्यांना इजा होऊ शकते. त्यामुळे सर्जनच्या अनुभवाविषयी संकोच न बाळगता विचारावे.

खुब्याची वाटी, म्हणजे पेल्व्हिसमधली मांडीच्या हाडाचा गोळा बसतो ती खोलगट जागा, मोडली असेल तर हिशोब वेगळा असतो. तिथे सांध्याचा पृष्ठभाग दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी पुढे सांधा झिजू शकतो, म्हणून तुकडे अचूक जुळवावे लागतात. प्रकृती स्थिर झाल्यावर हे काम शक्यतो दोन आठवड्यांच्या आत व्हावे. तीन आठवडे उलटले की हाडे चुकीच्या जागी जुळू लागतात आणि ती बसवणे फार अवघड होते. वयस्कर रुग्णाचे हाड ठिसूळ असून वाटीचा चुरा झाला असेल, तर खुब्याचा सांधा बदलण्याचाही विचार होतो.

शस्त्रक्रियेनंतर दुखऱ्या बाजूवर पूर्ण भार बहुधा 6 ते 12 आठवडे देता येत नाही. पायातल्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून दिलेले औषध या काळात स्वतःहून बंद करू नये. पोटरी सुजली किंवा अचानक दम लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.