इंजिन गेलं? आधी हात मांडीवर ठेवा

घरच्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर गेममध्ये ए-३२० (एअरबसचं दोन इंजिनांचं प्रवासी विमान) उडवणारे आता आपल्यात बरेच झालेत, आणि प्रत्येकाला कधी ना कधी मुद्दाम एक इंजिन फेल करून बघायची खाज सुटतेच. करा की, मजा येते. फक्त होतं काय, लाल दिवा लागला आणि टिंग टिंग सुरू झालं की माणूस दोन सेकंदांत कुठलातरी स्विच ओढून मोकळा होतो. मी पहिल्यांदा अगदी तेच केलं, चालू होतं ते इंजिन बंद केलं आणि मग थेट समुद्रात. खऱ्या पायलटांच्या डोक्यात सहा-सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसवून याच्या बरोबर उलटं घोटवतात. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर चढतं, उडतं, उतरतं, तसं दाखवल्याशिवाय त्याला परवानगीच मिळत नाही, म्हणजे घाई करायचं कारण नसतं.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे टेकऑफ, तर तिथूनच सुरुवात करा. व्ही-वन नावाचा एक स्पीड असतो, वजन-रनवे-हवेप्रमाणे बदलतो, ए-३२० ला बऱ्याचदा १३० ते १५० नॉटच्या (ताशी साधारण २४० ते २८० किमी) आसपास. त्याच्या आधी इंजिन गेलं तर ब्रेक मारून थांबायचं. नंतर गेलं तर उडायचंच, आग लागली असली तरी, कारण उरलेल्या रनवेवर आता थांबता येणार नाही. म्हणून तर व्ही-वन ऐकलं की कॅप्टन थ्रस्ट लिव्हरवरचा (इंजिनाची पॉवर कमीजास्त करायच्या दांड्यावरचा) हात काढून घेतो, परत ओढायचा मोहच नको.

आता नाक बंद पडलेल्या इंजिनाकडे वळायला लागेल. चालू इंजिनाच्या बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायातलं पेडल) दाबा आणि सरळ ठेवा. पायात जोर लागत नाहीये ती बाजू मेलेली, ही जुनी खूण अजून कामाला येते. मग रोटेट, म्हणजे नाक वर उचलायचं, विमान वर चाललंय याची खात्री, चाकं आत. बास. ४०० फुटांपर्यंत अजून काही करायचं नाही, वॉर्निंगचा आवाज बंद केला तर केला. एकानं फक्त उडवायचं आणि दुसऱ्यानं स्क्रीन वाचायची, एकटे खेळत असाल तर ऑटोपायलट लावून टाका, त्यात काही कमीपणा नाही.

४०० फुटांनंतरची जी पायरी आहे ना, माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. समजा एक नंबरचं म्हणजे डावं इंजिन गेलंय, तर उडवणारा एका नंबरच्या लिव्हरवर हात ठेवतो पण हलवत नाही, विचारतो, 'थ्रस्ट लिव्हर वन?' दुसरा बघतो, आकडे बघतो, 'कन्फर्म' म्हणतो, मगच ती मागे येते. इंजिन पूर्ण बंद करणाऱ्या मास्टर स्विचचं तेच आणि फायरच्या बटणाचंही तेच, फक्त तिथे हात दुसऱ्याचा आणि 'कन्फर्म' म्हणणारा उडवणारा.

एवढं सोवळं कशाला ते ८ जानेवारी १९८९ च्या केगवर्थच्या अपघातात दिसतं. लंडनहून बेलफास्टला निघालेलं ७३७-४०० होतं, डाव्या इंजिनाच्या फॅनचं पातं तुटलं, विमान थरथरायला लागलं, कॉकपिटमध्ये धूर आला. कॅप्टननं विचारलं कुठलं इंजिन, फर्स्ट ऑफिसर डावं म्हणता म्हणता उजवं म्हणाला. उजव्याची पॉवर कमी केली आणि थरथर योगायोगानं कमी झाली, मग काय, दोघांनाही वाटलं बरोबर पकडलं, आणि चांगलं इंजिन बंद. मागे बसलेल्या काही लोकांना डाव्या बाजूला ठिणग्या दिसत होत्या, कॅप्टन स्पीकरवरून उजव्या इंजिनाबद्दल सांगत होता, तरी पुढे जाऊन कुणी काही बोललं नाही. ईस्ट मिडलँड्सला उतरता उतरता डावंही गेलं आणि विमान रनवेच्या अलीकडे एम-वन हायवेच्या बांधावर आदळलं. १२६ पैकी ४७ माणसं गेली. २०१५ मध्ये तैपेईत ट्रान्सएशिया कंपनीच्या एटीआरचंही (पंख्याचं छोटं प्रवासी विमान) हेच, टेकऑफनंतर उजवं इंजिन गेलं आणि कॅप्टननं डावं बंद केलं, ५८ मधले ४३ गेले.

आग असेल तर लिव्हर मागे, मास्टर बंद, फायर बटण दाबून १० सेकंदांनी आग विझवणाऱ्या गॅसची पहिली बाटली. ३० सेकंदांनंतरही दिवा लालच असला तर दुसरी. त्यानंतर स्पीड वाढवून फ्लॅप (पंखाचे बाहेर काढलेले भाग) आत घ्या, फुल पॉवरवरून कंटिन्युअसवर, म्हणजे सलग चालवता येईल एवढ्या पॉवरवर या, आणि मग कुठे रेडिओ, तीनदा 'मेडे' ही संकटाची हाक आणि ७७०० स्क्वॉक, म्हणजे रडारवर दिसणारा संकटाचा कोड. नवीन लोक आधी रेडिओच पकडतात, पण टॉवरवाला काही विमान उडवून देणार नाही. एपीयू (शेपटीतलं वीज देणारं छोटं इंजिन) चालू करा. केबिन क्रूला बोलावून काय झालंय, काय करणार, किती वेळ आहे हे सांगतात, आणि मागून काय दिसतंय तेही विचारा बरं का.

३५ हजार फुटांवर इंजिन गेलं तर त्यामानाने निवांत काम असतं. उरलेलं एक तेवढी उंची धरू शकत नाही, विमान हळूहळू खाली येतं, तोवर जवळचा योग्य विमानतळ शोधायचा. दोन्ही गेली तर मात्र काय काय करायचं त्याची यादी (चेकलिस्ट) पूर्ण करायला वेळ असेलच असं नाही. न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर २००९ मध्ये विमान उतरवणाऱ्या कॅप्टन सलनबर्गरनं यादीत बऱ्याच खाली असलेला एपीयू आधीच चालू केला होता, आणि पाण्यात उतरूनही १५५ च्या १५५ वाचले.

उतरताना पॉवर कमीजास्त केली की रडरही बदलायला लागतो, माझी गडबड इथेच होते. थांबलात की पार्किंग ब्रेक लावा आणि लगेच स्लाइड (दारातून बाहेर पडायची फुगणारी घसरगुंडी) उघडू नका, त्यावरून उतरताना लोकांचे पाय मोडतात. आधी खाली आलेल्या फायर ब्रिगेडला विचारा, इंजिनातून धूर येतोय का.