विजापूर नीट बघायचं तर दोन मुक्काम करा, आणि दुपारी चक्क झोपा

आमच्या सोलापूरकडून विजापूर म्हणजे शंभरेक किलोमीटर, गाडीने दोन-अडीच तास. त्यामुळे इकडच्या सगळ्यांचा प्लॅन ठरलेला असतो, सकाळी निघू, गोलघुमट बघू, तोफ बघू, संध्याकाळी घरी. मी पण पहिल्यांदा घरच्यांना घेऊन असंच केलं. एका दिवसात अकरा ठिकाणं. आईचे गुडघे गोलघुमटावरच संपले, पुढची दहा ठिकाणं ती रिक्षात बसून होती आणि मुलं चार वाजता रडायला लागली. इब्राहिम रोझाला पोचलो तेव्हा कुणाच्यातच मान वर करून बघायचं त्राण नव्हतं, आणि अख्ख्या विजापुरात जर काही मान वर करून बघण्यासारखं असेल तर ते तिथेच आहे. त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर चार-पाच वेळा गेलो, पाहुण्यांना घेऊन गेलो, एकटा गेलो, आणि आता जे वेळापत्रक बसलंय ते लिहितोय.

मुळात विजापूर दमवतं का ते समजून घ्या. इथल्या इमारती प्रचंड आहेत, एकमेकींपासून लांब आहेत, आणि मधे ऊन आहे. म्हणून माझा नियम एकच, दिवसाला एकच चढण आणि अर्ध्या दिवसाला एकच मोठी वास्तू. बाकी सगळं येता-जाता. असं धरलं की आपोआप दोन मुक्काम होतात, म्हणजे पहिल्या संध्याकाळी पोचायचं, दुसरा दिवस पूर्ण आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

कधी जायचं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च संपता संपता दगड तापायला लागतात आणि एप्रिल-मे मध्ये लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन तर अजिबात नको. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात त्याचा उपाय खाली सांगतो. आणि वार बघून जा, शुक्रवार टाळा. त्या दिवशी गोलघुमटासमोरचं म्युझियम बंद असतं आणि जामा मशिदीत दुपारच्या नमाजाची गर्दी असते.

बुकिंग करताना एक लक्षात ठेवा, २०१४ पासून शहराचं अधिकृत नाव विजयपुरा झालंय, ट्रेनच्या ॲपमध्ये तेच टाका. मॅपवर नुसतं बिजापूर टाकलंत तर छत्तीसगडमधलं बिजापूर पण येतं, ते वेगळं. सोलापूर-गदग लाईनवर स्टेशन आहे आणि गोलघुमट स्टेशनपासून जवळच, शहराच्या पूर्व अंगाला. हॉटेल शक्यतो त्याच बाजूला घ्या म्हणजे सकाळी चालत जाता येतं, आणि ते सकाळी चालत जाणं फार महत्त्वाचं आहे.

कारण गोलघुमट बघायचा तर उजाडता उजाडता. सहा वाजता दार उघडलं की पहिल्या दहा माणसांत तुम्ही असलं पाहिजे. थंडीत जॅकेट घाला पण जा. नऊनंतर सहलीच्या बस येतात आणि मग वरच्या गॅलरीत दीडशे पोरं एकदम ओरडतात, घुमटाखाली तो आवाज असा काही फिरतो की डोकं गरगरतं. पोरांची चूक नाही, तिथे गेल्यावर ओरडावंसं वाटतंच. पण ही जागा ओरडण्यासाठी नाहीये, कुजबुजण्यासाठी आहे, आणि कुजबूज फक्त सकाळीच ऐकू येते.

चारही कोपऱ्यांना सात मजली मनोरे आहेत, त्यातल्या जिन्याने वर जायचं. जिना अरुंद, पायऱ्या उंच, लिफ्ट नाही. घाई करू नका, दर मजल्यावर खिडक्या आहेत तिथे दोन मिनिटं थांबा, शहर हळूहळू खाली जाताना दिसतं. वर गच्चीवर आलात की लगेच आत घुसू नका. घुमटाच्या बुडाशी भोवतीनं पाकळ्या आहेत, खालून त्या नक्षीसारख्या दिसतात आणि वर गेल्यावर कळतं की एकेक पाकळी आपल्याहून मोठी आहे. घुमट बाहेरून १४४ फूट व्यासाचा आणि खाली आधाराला एक खांब नाही. आठ कमानी एकमेकींना छेदून वर गेल्यात आणि त्यांनीच चौकोनी दालनाचा वर गोल केलाय, हे गॅलरीतून खाली बघितलं की स्पष्ट दिसतं.

मग भिंतीतल्या दारातून आत गॅलरीत. दोघांनी समोरासमोर उभं राहा, मधे जवळजवळ सव्वाशे फूट अंतर आहे, आणि एकाने भिंतीकडे तोंड करून अगदी हळू, कानात सांगतो तसं बोला. समोरच्याला ते स्पष्ट येतं. मागच्या वेळी मी आणि भाची दोघंच होतो, तिने समोरून चॉकलेटचा कागद उलगडला तर मला तो माझ्या खांद्यामागे चुरचुरल्यासारखा ऐकू आला, मी वळून बघितलं. मग ती म्हणाली "मामा, भूक लागली" आणि ते तीन-चार वेळा फिरून आलं. पाऊण तास आम्ही तिथेच बसलो होतो. ज्यांना चढायचं नाही त्यांना वाईट वाटून घ्यायची गरज नाही, खालचं दालन एकटंच इतकं मोठं आहे की मधल्या चौथऱ्याजवळ उभं राहून वर बघितलं तरी पैसे वसूल. चौथऱ्यावर महंमद आदिलशहाची आणि घरच्यांची थडगी आहेत पण ती दाखवायची, खऱ्या कबरी खाली तळघरात. १६५६ साली तो गेला. आपल्या शहाजीराजांनी ज्याची चाकरी केली तोच हा, आणि तीनच वर्षांनी, १६५९ मध्ये, अफझलखान ह्याच शहरातून प्रतापगडाकडे निघाला. शाळेत नुसतं नाव पाठ केलेलं गाव पायाखाली येतं तेव्हा मुलांना इतिहास एकदम जवळचा वाटतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

साडेआठला खाली या, नाश्ता करा. परत यायचा कंटाळा नसेल तर दहाच्या सुमारास समोरच्या नगारखान्यातलं म्युझियम बघा, शिलालेख आणि जुनी शस्त्रं चांगली आहेत. कंटाळा असेल तर सोडून द्या.

जेवण मात्र खानावळीतच करा. जोळद रोटी म्हणजे आपली ज्वारीची भाकरीच, पातळ, मऊ पण मिळते आणि कडक पण, त्याबरोबर एण्णगायी म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, दही, कच्चा कांदा. सोलापूर-सांगलीच्या माणसाला घरच्यासारखं वाटेल, पुण्या-मुंबईच्यांनी तिखट बेताने घ्या. ऊटा म्हणजे जेवण आणि एष्टु म्हणजे किती, एवढे दोन शब्द आले तरी समोरचा हसून बोलतो, बाकी हिंदी चालतं आणि मराठी समजणारे पण खूप भेटतात.

आणि मग झोपा. खरंच. एक ते साडेतीन रूमवर. लोक म्हणतात एवढं लांब आलो आणि झोपायचं का, पण ह्या दोन-अडीच तासांच्या झोपेवरच संध्याकाळ उभी आहे. दुपारी वास्तू बघण्यात काही अर्थ पण नसतो, ऊन डोक्यावर असतं, नक्षीला सावली नसते, सगळं सपाट दिसतं.

साडेतीनला रिक्षा करा आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला तटाबाहेर, इब्राहिम रोझा. जाण्याआधीच रिक्षाचे पैसे ठरवा आणि थांबायचं धरून ठरवा, कारण इथे दोन तास लागणार हे आधी सांगितलं नाही तर तो अर्ध्या तासात हॉर्न द्यायला लागतो.

ही दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर आणि तिच्यासमोरची मशीद, १५८० ते १६२७ राज्य केलं त्याने. गाण्याचा वेडा माणूस, स्वतः दख्खनीत पदं रचली आणि त्यांची सुरुवात सरस्वतीच्या स्तुतीने केली, लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. हे माहीत असलं की इमारत वेगळी दिसते. गोलघुमट ताकद दाखवतो, इथे सगळा हात नाजूक आहे. एका उंच जोत्यावर दोन इमारती समोरासमोर, पश्चिमेला मशीद, पूर्वेला कबर, मधे कारंज्याचा हौद. म्हणूनच संध्याकाळी यायचं, पश्चिमेचा प्रकाश तिरपा होऊन कबरीच्या दर्शनी बाजूवर येतो आणि तिथल्या भिंतीवर कोरलेली अक्षरं आणि वेलबुट्टी एकदम उठून दिसायला लागते.

पहिला अर्धा तास फोन खिशात ठेवा आणि नुसतं कबरीभोवतीच्या ओवरीतून एक फेरी मारा. खिडक्यांजवळ थांबा. दगडाच्या जाळ्या आहेत पण जाळीची नक्षी म्हणजे अक्षरं आहेत, अरबी अक्षरांच्या मधला दगड काढून टाकलाय आणि त्या फटींतून उजेड आत जातो. मी एकदा बोट लावून बघितलं नाही पण बोटभर अंतरावरून बघितलं, एका अक्षराची शेपटी दुसऱ्या अक्षराच्या पोटातून कशी गेलीय ते, आणि कुठे जोड दिसत नाही. आत वर बघा, छत जवळजवळ सपाट आहे, दगडी, आणि मधे आधार नाही, ते कसं टिकलंय ह्यावर इंजिनिअर मंडळींनी डोकं लढवावं. मग मशिदीच्या छज्ज्याखाली बघा, अख्ख्या दगडातून कोरून काढलेल्या साखळ्या लोंबतायत. एका सलग दगडाच्या कड्यात कडी. हे न बघता परत येणारे खूप आहेत कारण कुणी सांगत नाही. हे काम मलिक संदलने करून घेतलं, आणि इब्राहिम इथेच राणी ताज सुलतानाजवळ पुरलाय.

मुलं असतील तर बागेत सोडा, हिरवळ आहे. म्हाताऱ्यांसाठी पण ही जागा सोपी, थोड्याच पायऱ्या. पाणी, टोपी आणि मोजे मात्र बरोबर ठेवा, जिथे चपला काढायच्या असतात तिथे तापलेल्या दगडावर मोज्यांनी फार फरक पडतो. बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसा. रात्री दुसरं काही ठेवू नका, बाजारात गिरमिट (चुरमुऱ्यांचं तिखट मिश्रण) आणि मिरची भजी खा आणि झोपा.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाकीचं शहर, पूर्वेकडून पश्चिमेकडे एका सरळ ओळीत, म्हणजे रिक्षा उलटसुलट फिरत नाही. सातला जामा मशीद. पहिल्या अली आदिलशहाने बांधायला घेतली, १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर पडल्यानंतर. कमानींची रांगच्या रांग आणि पांढरी शांतता, अर्धा तास द्या, अंगभर कपडे घाला, नमाजाच्या वेळा सोडून जा. जवळच मेहतर महाल, नाव महाल पण आहे एक छोटा दरवाजा, त्याच्या गच्चीखालचे दगडी टेकू लाकडात कोरल्यासारखे आहेत, पंधरा मिनिटं पुरे. मग गगन महाल, साठेक फूट रुंद मधली कमान, १५६१ चं काम. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं, शेवटचा सिकंदर आदिलशहा इथे त्याच्यापुढे उभा राहिला असं सांगतात. बारा कमान जवळच, दुसऱ्या अलीची अर्धवट राहिलेली कबर, नुसत्या काळ्या कमानी आणि वर आकाश. घुमट झाला असता तर गोलघुमटाच्या तोडीचं काहीतरी झालं असतं. गाईड तिथे बाप-लेकाची एक गोष्ट रंगवून सांगतात, ऐका, पण गोष्ट म्हणूनच ऐका.

शेवटी मलिक-ए-मैदान, म्हणजे ती प्रसिद्ध तोफ. १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीत ओतलेली, मग आपल्या परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून विजापूरकरांनी आणली. पंचावन्न टन वजन धरतात. लोक मागून चढून फोटो काढतात, तसं करू नका, पुढे तोंडाजवळ जा. तोफेचं तोंड म्हणजे सिंहाचा जबडा आहे आणि त्याच्या दातांत एक छोटा हत्ती चिरडला जातोय, हत्तीचे डोळे पण दिसतात. धातूचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की साडेचारशेहून जास्त वर्षं उन्हापावसात आहे हे पटत नाही. लोक दगडाने वाजवून बघतात, घंटेसारखा नाद येतो म्हणून, प्लीज वाजवू नका.

तिथून चालत उपली बुरूज, १५८४ चा, सुमारे ऐंशी फूट, बाहेरून फिरत जाणाऱ्या पायऱ्या. ही त्या दिवसाची चढण, म्हणून शेवटी ठेवलीय, अकराच्या आत करा. वरून पूर्वेला गोलघुमट आणि पश्चिमेला इब्राहिम रोझा दोन्ही दिसतात आणि मधलं जे जे बघितलं ते ओळखता येतं, मुलांना बोटाने दाखवायला लावा.

असार महाल, ताज बावडी, जोड गुंबज, शहराबाहेरच्या साठ कबरी, तोरवी हे सगळं ह्यात नाही. मुद्दाम नाही. ह्यातलं एखादं अगदी बघायचंच असेल तर तिसऱ्या दिवसातलं एक काढून घाला, वर घालू नका. साठ कबरी म्हणजे अफझलखानाच्या बायकांच्या कबरी, त्या बघायच्या म्हणून बरेच आपले लोक हट्ट धरतात, मी समजू शकतो, पण त्यासाठी वेगळा अर्धा दिवस आणि वाट माहीत असलेला रिक्षावाला लागतो.

बारा-साडेबाराला जेवा, बसस्टँडवर जाऊन सोलापूरची गाडी पकडा. दर थोड्या वेळाने असते. डाव्या बाजूची खिडकी घेऊ नका, दुपारचं ऊन सगळं तिकडून येतं.